बिनगळाचा गोंडा

क्लोव्हिस माझ्याशी गोड बोलायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस आता आवराआवर करतोय.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाबानं मला कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं. कॉफी दिली तर ती पातळ, भात वाढला तर तो गिचका, आणि मी तापानं फणफणले तर "भांडी घासायची वेळ झाली म्हणून पडलीस." मीही काही कमी नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासूच म्हणायची, आणि तिच्या जिभेला होतं अशातला भाग नाही. आमचं भांडण ऐकू आलं नाही तर शेजारी विचारायला यायचे, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

फेब्रुवारीत त्याला झटका आला. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन चालतो. जीभ तर ठणठणीत. पण उजवा हात गेला तो गेलाच. खांद्यापासून नुसता लोंबतो, अंगरख्याची रिकामी बाही लोंबावी तसा. आणि हॉस्पिटलमधून येताना हा माणूस एक नवीन शब्द घेऊन आला. मेर्सी. म्हणजे आभारी आहे! सूप दिलं, मेर्सी. बूट घातले, मेर्सी. उशी सारखी केली तर "मेर्सी नोएली, तुला उगाच त्रास." अगं बाई! माझ्या अंगावर काटाच आला. घरच्या बायकोचे कोणी आभार मानतं का? डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुमचे मिस्टर किती शांत आहेत हो." मी म्हटलं, "बाई, तुम्ही त्यांना आधी पाहिलेलं नाही."

मेच्या अखेरीस एका दुपारी मी पडवीत शेंगा सोलत बसले होते. तो खुर्चीत होता. दारातल्या बायूच्या, म्हणजे संथ खाडीच्या, पाण्याकडे पाठ करून बसायची नवीनच सवय त्याला लागली होती, तसाच भिंतीकडे बघत म्हणाला, "बोट मी विल्टनला दिली. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो ट्रेलर घेऊन येईल."

"शब्द दिलास?"

"दिला."

झालं. आमच्याकडे कागदबिगद कोणी करत नाही. शब्द दिला की वस्तू गेली. आणि क्लोव्हिसनं जन्मात शब्द परत घेतलेला नाही. एकदा नाताळात प्यायल्यावर आपला लाडका कुत्रा एकाला देऊन बसला, सकाळी स्वतः नेऊन पोचवला आणि आठवडाभर जेवला नाही.

आता बोट गेली म्हणजे पुढचं मला दिसत होतं. आमची मुलगी व्हर्ना लाफायेतला, शहरात राहते. तिनं मागची खोली रंगवून ठेवली होती, नवे पडदे, मोठा टीव्ही. गुणाची आहे पोरगी, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बोट गेली की घर विकायचं, घर विकलं की आम्ही त्या खोलीत. त्या खोलीच्या खिडकीतून दिसते शेजाऱ्याची मोटार. आणि हा माणूस जन्मला तो पाण्यावर तरंगत्या घरात. तिथं हा भिंतीकडे बघत बसणार, सगळ्यांना मेर्सी मेर्सी म्हणत राहणार आणि एक दिवस तसाच संपणार. सरळच सांगते, मला भीती वाटली. मला माझा नवरा हवा होता आणि तो रविवारच्या आत बोटीत बसायला हवा होता. एकदा बसला की मग बघू, असा माझा हिशोब.

विल्टनबद्दल गैरसमज नको. आमच्या गल्लीतच राहतो, व्हर्नाचा धर्मबाप आहे, त्या मानलेल्या नात्यानं तो क्लोव्हिसला 'कोंपेर' म्हणतो आणि मला 'कोमेर'. माणूस वाईट नाही, फक्त उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या बोटीवर त्याचा जुना डोळा. सायप्रसच्या फळ्यांची ती बोट क्लोव्हिसनं स्वतःच्या हातांनी बांधलेली. तेव्हा दोन्ही हात होते.

"शुक्रवारी वडे करणार आहे," मी म्हटलं.

शुक्रवारी आम्ही मांस खात नाही, आणि उन्हाळ्यात शुक्रवार म्हणजे 'गार' नावाच्या लांब सोंडेच्या माशाचे वडे. आमच्या घरातली वाटणी अशी, की गार धरायचा आणि फोडायचा पुरुषानं. तो फोडून टेबलावर आला की मग चमचा माझा.

"दुकानातून कॅटफिश आण," तो हळूच म्हणाला.

"कॅटफिशचे नाही. गारचे."

"गार कोण धरणार?"

"मी."

पूर्वीचा क्लोव्हिस खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसला असता. हा म्हणाला, "सांभाळून जा हं, नोएली." मी आत गेले आणि एक पातेलं जोरात आपटलं. पातेल्याला पोचा आला.

बुधवारी सकाळी मी मागच्या खोपटातून दोरी शोधून काढली. पिवळीधमक, प्लास्टिकची, नवीकोरी. मुद्दाम त्याच्यासमोरच पडवीत बसले. गारला गांडूळबिंडूळ लागत नाही, दोरीचा गोंडा लागतो, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. दोरीचा पीळ सोडवला, कुत्र्याच्या कंगव्यानं विंचरली. तंतू कसले, झाडूचे हीरच ते. वर गाठ मारली. आतमध्ये चांगला मोठा गळ बांधला, म्हटलं मासा धरायचा तर गळ नको का? क्लोव्हिस बघत होता. एकदा त्याचे ओठ हलले. मग तो पुन्हा भिंतीकडे वळला.

धक्क्यावर जाऊन मी त्याची मासे धरायची काठी टाकली. उन्हं तापली की गार वर येतात, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घेतात आणि ढेकर दिल्यासारखा आवाज करून खाली जातात. आमच्या दारातलं पाणी तर त्यांनी नुसतं भरलेलं. पहिल्या झटक्यालाच एकानं गोंडा धरला. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं. गोंडा सुटला, हवेत उडाला आणि माझ्या टोपीवर येऊन बसला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो कपडे वाळत घालायच्या दोरीवर.

नेमका तेव्हाच विल्टन बोटीतून आला. त्याला दुसरी वेळ कशाला सापडेल!

"कोमेर, मासे धरतेस की कपडे वाळत घालतेस?"

"तुझं तोंड बांधायला दोरी करतेय."

"ती पिवळी होय? सुटेल." तो जवळ आला, गोंडा हातात घेतला आणि पोट धरधरून हसला. "अगं, ही निसरडी दोरी. पांढरी नायलॉनची लागते, मऊसूत. आणि गळ? गारला गळ? कोंपेर पडवीत बसलाय की, त्यानं सांगितलं नाही?"

मी तडक पडवीत गेले.

"तुला माहीत होतं."

"हो."

"सगळं बघत होतास. बोलला का नाहीस?"

"तू इतक्या मनापासून करत होतीस," तो म्हणाला. "तुला वाईट वाटलं असतं."

माझं डोकंच फिरलं. "वाईट? मला वाईट वाटेल म्हणून तू गप्प बसलास? तू? माझ्या आईच्या मयतीत माझ्या टोपीला कोंबडीचं घरटं म्हणालास, तेव्हा नाही वाटलं मला वाईट?" तो गोंडा मी त्याच्या मांडीवर फेकला. "माझा नवरा कुठे ठेवलास ते सांग. हा गोडबोल्या पाहुणा मला नको. याला घेऊन जा लाफायेतला आणि माझा म्हातारा परत दे!"

आणि मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही, म्हणून तर आणखीच आलं. तो डाव्या हातानं गोंडा उलटासुलटा करत राहिला. मी नाक पुसून आत जायला निघाले, तेव्हा मागून आवाज आला.

"आणि गळ कशाला घातलास मूर्खासारखा?"

मी तिथंच थांबले.

"गारचा जबडा म्हणजे हाड नुसतं," तो म्हणाला. "त्यात गळ रुतेल का? दगडात खिळा ठोकशील का तू? दोरी त्याच्या दातांत गुंतते, तेच गळाचं काम. एवढी वर्षं गार खातेस, कधी त्याचं तोंड उघडून बघितलंस?"

"मी तुझं तोंड बघत होते. तेवढंच पुरे होतं."

"माझ्या पेटीत पांढरी दोरी आहे. खालच्या कप्प्यात. आणि ती पिवळी जिथली तिथे ठेव, पसारा नको."

मूर्खासारखा म्हणाला! किती महिन्यांनी! मी पेटी आणायला गेले ती जवळजवळ पळतच.

गुरुवारी आम्ही दोघांनी मिळून गोंडा केला. वीतभर पांढरी दोरी. एक टोक त्यानं डाव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं, मी पीळ सोडवून पिंजत बसले. "पिंज. अजून पिंज. थकलीस? बोलताना थकत नाहीस कधी." तंतू बाळाच्या जावळासारखे मऊ झाले तेव्हा कुठे साहेबांचं समाधान झालं. वर गाठ, आणि फेकायला वजन म्हणून एक गंजका नट. गाठ मी तीनदा बांधली, तीनदा त्यानं दातांनी सोडली. चौथी त्याला पसंत पडली असं नाही, पण त्याचे दात दुखायला लागले.

मग तो जरा सैल झालेला बघून मी म्हटलं, "उद्या बोटीतून जाऊ. आतल्या तळ्यात मोठे असतात ना?"

तो एकदम मिटला. "मी बोटीत बसणार नाही."

"का?"

"मागे बसलो तर या हातानं मोटर चालत नाही. पुढे बसलो तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

मला कळलं. आमच्याकडे बोटीत मागे बसतो तो धनी. मोटर त्याची, दिशा त्याची. पुढच्या फळीवर बसतात पोरं, पाहुणे आलेले पाद्री आणि लग्नाहून परतणारे दारुडे. धडधाकट पुरुष पुढे आणि बायको मागे, असं या बायूवर कोणी पाहिलेलं नाही.

"बायको चालवतेय आणि मी पुढे पिंपासारखा बसलोय," तो म्हणाला. "सगळं ब्यूट ला रोझ गाव बघायला येईल धक्क्यावर. आणि बोट आता विल्टनची आहे."

"रविवारपर्यंत आपली आहे."

"मी शब्द दिलाय, नोएली."

सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

शुक्रवारी सकाळी मी एकटीच बोटीत उतरले. मोटरला त्याआधी मी कधी हात लावलेला नव्हता. ती दोरी ओढून ओढून माझा खांदा निखळायची वेळ आली तेव्हा कुठे ती सुरू झाली, आणि सुरू झाली ती पाठीमागे भूत लागल्यासारखी. मला जायचं होतं उजवीकडे, म्हणून मी दांडा उजवीकडे दाबला. बोट निघाली डावीकडे, थेट जलपर्णीत. मी आणखी दाबला. ती आणखी डावीकडे. पात्याला मुळ्या गुंडाळल्या गेल्या, मोटर खोकली आणि गप्प झाली. घर अजून हाकेच्या अंतरावर होतं, आणि ती हाक आलीच.

"उलटा! दांडा उलटा धरतात, बाई! उजवीकडे जायचं तर डावीकडे!"

"हे कोणतं शहाणपण?"

"देवाचं! मोटर वर घे! वर! अगं, माझी मोटर!"

तो पडवीच्या पायऱ्या उतरून धक्क्यावर आला होता. पायात सपाता, हातात काठी, तोंड लालबुंद. मी वल्ह्यानं ढकलत ढकलत बोट परत आणली. तो वाकून पात्यातल्या मुळ्या एका हातानं उपटायला लागला, तोंडानं माझा, माझ्या बापाचा आणि ज्यानं आमचं लग्न लावलं त्या फादरचा उद्धार चाललेला. शेवटी म्हणाला, "सरक."

"मी कुठे सरकू? मागे मीच बसणार. मोटर चालवायला दोन हात लागतात."

तसं नाही खरं म्हणजे. चांगला एक पुरतो, पण तो उजवा, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानं बायूवर वर पाहिलं, खाली पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि उतरला. पुढच्या फळीवर बसला, माझ्याकडे पाठ करून. मी त्याला हात दिला नाही. द्यायला पाहिजे होता, पण मला वाटलं, दिला तर उठून जाईल.

वळणावर पोचलो आणि समोरून विल्टन! मी म्हटलं, संपलं. विल्टननं आम्हाला पाहिलं, तोंड उघडलं. मी त्याला मागून वल्हं दाखवलं, असं की बोललास तर हे डोक्यात. त्याचं तोंड मिटलं. त्यानं नुसती टोपी उचलली. क्लोव्हिसनं मान हलवली नाही. मला मागून त्याचे फक्त कान दिसत होते, आणि ते तापलेल्या तव्यासारखे लाल झाले होते. माझाच जीव कासावीस झाला. मी हे काय केलं, त्याला सगळ्यांसमोर असं का आणून बसवलं, असं वाटायला लागलं.

"मोटर बंद कर," तो अखेर म्हणाला. "इथं."

तळ्यात वारा नव्हता. सायप्रसच्या बुंध्यांमध्ये पाणी जसंच्या तसं पडलेलं, आणि त्यात गार वर येत होते, घोट घेत होते, खाली जात होते. मी गोंडा टाकला, हळूहळू ओढत आणला. एकानं धरला. मी ओढलं. सुटला.

"ओढू नकोस!"

पुन्हा टाकला. पुन्हा धरला. माझे हात आपोआप उठले. सुटला.

"अगं, चावू दे ना त्याला! जितका चावेल, मान हलवेल, तितकी दोरी दातांत गुंतते. तू आधीच हिसका देतेस, ती सरळ बाहेर येते. हात आहेत म्हणून ओढलंच पाहिजे का?"

पाण्यात एक गार ढेकर देऊन गेला.

"मीही पहिल्या वर्षी असाच ओढायचो," जरा वेळानं तो म्हणाला. आवाज उतरला होता. "बापानं माझ्या पाठीत काठी घातली होती. अंगात जोर होता ना, थांबवायचं कुणाला?" मग त्यानं डावा हात मागे केला. "दे इकडे."

मी काठी दिली. टाकायचं काम माझं, धरायचं त्याचं. त्याचा डावा हात कमजोर, त्याला हिसका द्यायचा म्हटला तरी देता आला नसता. गोंड्याभोवती पाणी ढवळलं. दोरा ताठ झाला, बाजूला चालू लागला.

"आता?" मी विचारलं.

"नाही."

दोरा एका बुंध्याकडे गेला, थांबला, परत फिरला.

"आता रे?"

"गप बस."

मी तोंडावर हात दाबून बसले. मासा सुटेल याची मला धास्ती नव्हती. हा सुटला, तर हा माणूस पुन्हा कधी काठी धरणार नाही, याची होती.

"आता," तो म्हणाला. "घे. सावकाश."

मी दोरा हातावर हात टाकत ओढला. आडदांड धूड होतं, तळहाताला वळ उठले. पण सुटेना. डोकं बोटीच्या काठावर आलं तेव्हा त्याच्या लांबलचक सोंडेभोवती आमचा गोंडा गच्च गुंडाळलेला. क्लोव्हिसनं हातोडी उचलली, डाव्या हातानं हाणली आणि फळीवर हाणली. मग त्यानं जी शिवी दिली ती मी फेब्रुवारीपासून ऐकली नव्हती. दुसरा घाव मी घातला. मासा बोटीत आडवा पडला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत धापा टाकत राहिलो.

"हेंगाडा आहे मेला," मी म्हटलं.

"तुझ्या भावासारखा दिसतोय," तो म्हणाला.

घरी आणून अंगणातल्या फळीवर टाकला. गारची कातडी सुरीला दाद देत नाही, पत्रा कापायच्या कात्रीनंच कापावी लागते. त्यानं गुडघ्यानं मासा दाबून धरला, मी शेपटीपासून वर कापत गेले. वाकडी कापतेस, खोल जातेस, माझ्या बोटाकडे बघ, माझी बोटं मोजकीच उरलीत, असं चाललं होतं. मादी निघाली. पोटात हिरवट अंडी, मोत्यांसारखी दिसणारी आणि जहरी. ती मी कुंपणाशी खोल पुरली, वर दगड ठेवला.

"खोल पुरलीस ना? विल्टनची कोंबडी येते तिकडे."

"विल्टन आला तरी चालेल."

मग चमचा माझा. शिरांमधून मांस खरवडून काढलं, उकडलेल्या बटाट्यात मिसळलं, कांद्याची पात, पार्सली, लाल मिरची. वळून तळले. तो टेबलापाशी बसून होता, पाण्याकडे तोंड करून. त्यानं डाव्या हातानं काटा धरला, तो निसटून खाली पडला. मी उचलला नाही. त्यानं खुर्ची धरून वाकून स्वतः उचलला, बाहीला पुसला आणि वडा खाल्ला. दुसरा खाल्ला. मग म्हणाला, "मीठ कमी आहे."

मीठ अगदी बरोबर होतं.

"तुझ्या जिभेलाही झटका आला असेल," मी म्हटलं. तो असा हसला की घास नाकात गेला. मी चुलीकडे वळले. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणाले असते, पण कांदा केव्हाच चिरून झाला होता.

पण रविवार काही टळत नव्हता. शनिवारी तो धक्क्यावर गेला आणि एका हातानं बोट घासत बसला. पाणी उपसलं, माशाचे डाग काढले, दोर नीट गुंडाळून ठेवला. लेक सासरी पाठवायची तशी तयारी. मी खिडकीतून बघितलं आणि समजले. दिलेला शब्द तो मोडणार नाही. मी एक शुक्रवार मिळवला होता, बस्स.

मिस्सा संपल्यावर विल्टन आला, ट्रेलर घेऊन. बरोबर त्याचे दोन मेहुणे, उचलायला. वाटेत आणखी दोन-चार जण थांबले, मिस्सेचे कपडे घालूनच, रविवारी दुसरं काय असतं बघायला? मी बाहेर येणार नव्हते. भांड्यांच्या पाण्यात हात घालून उभी राहिले. मग राहवेना, तशीच दारात आले.

क्लोव्हिस धक्क्यावर उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात. विल्टननं ट्रेलर मागे घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यानं काठी वर केली. काठी बगलेत धरली आणि डाव्या हातानं टोपी काढली.

"विल्टन, मी तुला शब्द दिला होता."

"दिला होतास, कोंपेर."

"तो मला परत हवाय."

मेहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वाटेवरची कुजबूज बंद झाली. विल्टन ट्रकमधून खाली उतरला. तो रागावला नव्हता, गोंधळला होता. क्लोव्हिस काही परत मागतोय, हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही. "परत म्हणजे? का रे? काही झालं का?"

मी मनात म्हटलं, सांग. मोटर बिघडली म्हण, फळी कुजली म्हण, व्हर्नाला हवीय म्हण. काहीही चालेल, कोणी तपासायला येणार नाही. पण तो खोटं बोलणारा नाही, आणि हळू बोलणारा तर मुळीच नाही.

"मी आता पुढच्या फळीवर बसतो," तो म्हणाला, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. "नोएली मागे बसते. ती चालवते. अजून येत नाही तिला, पण शिकेल. तेव्हा बोट आम्हाला लागते."

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर मी तशाच ओल्या हातांनी जाऊन कानाखाली वाजवली असती. विल्टननं आपली टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली आणि मेहुण्यांना म्हणाला, "ट्रेलर वळवा रे."

क्लोव्हिस तिथं उन्हात टोपी हातात घेऊन उभा होता, एक हात लोंबता, मान ताठ. लग्नाच्या दिवशीसुद्धा मला तो इतका आवडला नव्हता. लग्नाच्या दिवशी तो नुसता देखणा होता. मी एप्रनला हात पुसायचेही विसरले आणि पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.